अळणी चातुर्मास

आषाढ शु. ११, शके १८१७
चातुर्मासाचे नेम. शेजारच्या काकूंनी वांगी सोडली. भटजींनी कांदा, ते खात होते हे आजच कळलं. मी पावसाचा सट्टा सोडला. देवापुढे हातावर पाणी घेऊन, कार्तिकी द्वादशीपर्यंत. गेल्या साली याच नादापायी मोठी जागा सोडून गिरगावच्या या चाळीत दोन खोल्यांत आलो. आज सौ. म्हणाली, "इकडच्या नेमाला जोड म्हणून मी मीठ सोडते."
"तुझा काय संबंध?"
"एकट्याने टिकत नाही ते."

श्रावण व. ५
आमच्या साप्ताहिकात सट्टेबाजांवर माझा लेख आला. उभे सोलले. सौ. दोनदा हसली. मग जेवायला बसलो. तिचं वरण अळणी. मी आमटी ओरपली, वर लोणचं मागितलं.

भाद्रपद शु. ९
छत्री दुरुस्तीचं निमित्त करून पायधुणीकडे गेलो. छत्री धडधाकट. पाय सट्ट्याच्या माडीवर चढले. पैज नेहमीचीच: दिवेलागणीच्या आत समोरच्या छपराची पन्हळ वाहते की नाही. दलाल हात धरून म्हणाला, "या, या! काय झोडलंत हो आम्हाला! बोला, वाहणार?"
वाहणार म्हटलं. वाहिली. हरलो असतो तर बरं.
घरी सौ.ने डोकं पुसायला पंचा दिला. "किती हे भिजणं!" अंगाला तो पंचा टोचत होता.

भाद्रपद व. ६
आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा हरलो. आज सौ. उठताना भिंत धरून उभी राहिली. बापू वैद्याला बोलावलं, लहानपणचा मित्र. नाडी पाहून म्हणाला, "वहिनी, मीठ घ्या."
"नेम आहे, भावजी."
"कुणासाठी एवढा?"
तिने माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे. गावभरच्या ढोंग्यांना नावं ठेवणारा मी, तुळया मोजत बसलो.

आश्विन शु. ३
बापूला सगळं सांगितलं. म्हटलं, सुटत नाही रे, काहीतरी कर.
"गाढवा, ज्या नेमापायी ती अळणी गिळतेय, तो नेम आहे कुठे?" मग जरा थांबून, "ढग दिसले की पायधुणीला नाही, माझ्याकडे यायचं. खल घ्यायचा नि हिरडा कुटायचा. आणि घरी सांगायचं."
पहिलं आजपासून.

आश्विन व. १०
रोज कुटतोय. तळहाताला घट्टे. माडीकडे गेलो नाही. बापू रोज विचारतो, "बोललास?" मी रोज म्हणतो, उद्या. सांगितलं तर तिचं इतक्या दिवसांचं अळणी वाया. न सांगितलं तर... पुढचं लिहवत नाही.

कार्तिक शु. १२
नेम सुटायचा दिवस. सौ. पानावर बसली, हसत म्हणाली, "पहिलं मीठ इकडच्या हातचं." चिमूटभर वाढलं. तिने भातात बोटं घातली, तेव्हा तोंडातून निघालं, "थांब. माझा नेम भाद्रपदातच मोडला."
तिचा हात थांबला. "किती वेळा?"
"तीनदा."
"बापूभावजींना ठाऊक?"
"हो."
तिने बोटं पुन्हा भातात घातली. भात जेवली. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. मी वाढलेलं मीठ पानाच्या डाव्या अंगाला तसंच.
आता हा नेम कुणासाठी, विचारायचं धाडस झालं नाही.
आभाळ स्वच्छ आहे. तरी बापूकडे निघालोय, खल धरायला.