जिभेला चिकटतं ते हाड

२ जून
मुलाखतीचं पत्र आलं! पुरातत्त्वशास्त्र, एम.ए. मुलाखत २० तारखेला, म्हणजे वेळच वेळ. बाबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ॲडमिशन मिळाली तर शिक; नाही मिळाली तर एक जुलैपासून माझ्याबरोबर साइटवर. बाबा गिलाव्याची कामं घेतात. भिंती, जिने, छतं. पण माझा जन्म वाळू चाळण्यासाठी झालेला नाही. मी जमिनीखालचं शोधणारा माणूस आहे.

३ जून
लायब्ररीतून चार ठोकळे आणून टेबलावर रचले. खोली एकदम विद्वानाची दिसायला लागली. टाइमटेबल केलं, तीन रंगांत. रंगवण्यात दुपार गेली. वाचन उद्यापासून, ताज्या डोक्याने.

५ जून
काल वाचन नाही. टाइमटेबलमध्ये चार तारीख घालायचीच राहिली होती, माझा इलाज नव्हता. आज पहिल्या ठोकळ्याची प्रस्तावना वाचली. लेखकाने बायकोचे आभार मानलेत. सज्जन दिसतो. विषय आवाक्यातला आहे हे लक्षात आल्यावर जरा पडलो.

८ जून
प्रकरण पहिलं: थर. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. एवढ्यासाठी चाळीस पानं? झालं असं धरून पुढे गेलो. प्रकरण दुसरं: मडकी. चित्रंच चित्रं, सगळी एकमेकांच्या सख्ख्या भावासारखी. मडकी ऑप्शनला टाकली.
संध्याकाळी ताई प्रश्न विचारायला बसली. ताई बँकेत आहे, त्यामुळे तिला सगळं कळतं. मी सांगितलं, असल्या घोकंपट्टीच्या प्रश्नांना अभ्यासू माणसं उत्तरं देत नाहीत. ती म्हणाली, ज्यांना येत नाहीत तेही देत नाहीत. बहीण आहे म्हणून सोडून दिलं.

१२ जून
घबाड सापडलं! तिसऱ्या पुस्तकात, तळटिपेत. खोदताना मिळालेला तुकडा हाड आहे की दगड हे कळत नसेल तर जिभेला लावायचा. हाड चिकटतं, दगड चिकटत नाही. मुरलेले लोक खरंच असं करतात म्हणे. हे ज्याला माहीत, त्याला बाकीची पुस्तकं कशाला?
दिवसभर प्रॅक्टिकल. अंगणातला खडा: नाही चिकटला. बशी: नाही. खडू: चिकटला. खडू अपवाद धरला. कुंडी चाटताना ताईने पाहिलं आणि आईला हाक मारली. आईने काही न विचारता कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

१६ जून
इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. भीती वाटते. बाबा कामावरून येतात तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असतात. मला तसं व्हायचं नाही. पण नुसतं 'व्हायचं नाही' म्हणून भागत नाही, काहीतरी व्हावंही लागतं, एवढं मला कळतं. असो. वाचन उद्या.

१९ जून
एका दिवसात चार पुस्तकं. मनावर घेतलं तर अशक्य काय आहे? सगळी पानं उलटली. डोळ्यांखालून गेलेलं डोक्यात कुठेतरी उरतंच. बाबांनी स्वतःचा ठेवणीतला शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. बाह्या मला लांब होतात. दुमडून घालीन.

२० जून, दुपार
मुलाखत उत्तम झाली.
विभागप्रमुख बाई आणि दोन सर. आधी विचारलं, खालचा थर आधीचा की वरचा. इतका सोपा प्रश्न म्हणजे नक्की फसवा, म्हणून वरचा सांगितला. मग मडक्यांवर आले. मी त्यांना मडक्यांपलीकडे बघायला सुचवलं.
टेबलावर एका ताटात चार-पाच तुकडे होते. बाई म्हणाल्या, कुठलाही एक उचला आणि ओळखा. हीच ती वेळ! सगळ्यांत पांढरा तुकडा उचलला आणि शांतपणे जीभ लावली. असा चिकटला की काढायला हात लावावा लागला. मी जाहीर केलं: हाड. माणसाचं. बहुधा कवटीचं.
मग एका सरांनी वर पाहिलं. मग बाईंनी. मग मीही. छताचा पोपडा निघाला होता. खड्ड्याचा आकार माझ्या हातातल्या कवटीशी तंतोतंत जुळत होता.
बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, वडील काय करतात? गिलाव्याची कामं घेतात, म्हणालो. तिघंही इतकी हसली की एका सरांना ठसका लागला. वातावरण अगदी घरगुती झालं. निघताना बाईंनी बाबांचा नंबर लिहून घेतला. निवड झाली की घरच्यांना कळवत असणार.

२३ जून
यादी लागली. माझं नाव नाही. वेटिंगमध्येही नाही. टाइप करणाऱ्याच्या नजरचुकीने गळलं असेल. नंबर घेतलाय म्हणजे फोन येणारच.

२६ जून
आला फोन! बाबांना, जेवताना. खुद्द विभागप्रमुख बाई! बाबा पानावरून उठून उभं राहून बोलले. हो मॅडम, येतो मॅडम, मुलालाही आणतो मॅडम. मी ताईकडे नुसतं पाहिलं. तिने मान खाली घातली.
फोन ठेवून बाबा खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. विभागाचं सगळं छत खरवडून नवा गिलावा करायचाय. बाई म्हणाल्या, नमुना तुमच्या मुलाने तपासलाच आहे.
मला हसू आलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धुताना बाबा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, फॉर्म पुढच्या वर्षीही निघतात. तोवर चल. आणि तो शर्ट तुझ्याकडेच ठेव.

१ जुलै
आज पुरातत्त्व विभागात रुजू झालो. डोक्यावर घमेलं, भुवया पांढऱ्या. जेवणाच्या सुट्टीत वरून एक तुकडा माझ्या डब्याच्या झाकणावर पडला. न चाटता ओळखला.