डॉक्टर काय म्हणाले

कतवे, कंपाला
१४ जून १९९९

प्रिय पर्पेटुआताई,

तू, दाजी आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. आपल्यात नमस्काराला गुडघे बायकांनी टेकायचे, पण सात महिन्यांनी पत्र लिहितोय तेव्हा आज मीच टेकलेत असं समज. हसलीस तर बरं. नाही हसलीस तरी पुढं वाच.

आधी कामाचं. आईला माती देऊन सात महिने झाले, आता थोरल्या बुलासियोकाकांनी सुतक संपवून वारस बसवायच्या शेवटच्या विधींचा दिवस धरलाय. १७ जुलै, शनिवार, गावच्या घरी. केळीची बाग साफ करून घेतली, मांडवाचे बांबू आले. आईची वारस म्हणून काकांनी तुझंच नाव घेतलं. आत्या जरा कुरकुरली, की जिनं घरात न विचारता म्बरारात संसार थाटला, जिच्या नवऱ्यानं कधी रीतसर मागणी घालायला येऊन आपल्या अंगणात पाऊल टाकलं नाही, तिच्या खांद्यावर वारसाचं, झाडाच्या सालीचं वस्त्र कसं घालायचं. काका म्हणाले, आईची जागा लेकीची आणि लेक एकच आहे.  तू आली नाहीस तर विधी पुढं ढकलावे लागतील, आणि काकांचं वय बघता ते पुढं किती ढकलायचे हा प्रश्नच आहे. तेव्हा ये.

माझं विचारशील तर घसा बसलाय. धंदाच घशाचा, काय करणार. तू एकदाही माझ्या व्हिडिओ हॉलमध्ये आली नाहीस म्हणून सांगतो. पत्र्याचं छप्पर, बारा बाकं, एक टीव्ही. इंग्रजी पिक्चर लावायचा, त्याचा आवाज बारीक करायचा, आणि माईकवर मी तो आपल्या भाषेत सांगत जायचा. शब्दाला शब्द सांगितला तर बाकं ओस पडतील गं. म्हणून मी गोऱ्या शिपायाला मसाकाचा केळीवाला करतो, राणीला आपल्या आत्याचं नाव देतो, मरणाऱ्याला जरा उशिरा मारतो. लोक पिक्चर बघायला येतच नाहीत, लुब्वामा काय म्हणतो ते ऐकायला येतात. हे मी फुशारकीनं नाही सांगत. तू तोंड वाकडं केलंस ते दिसलं मला.

तर मागच्या महिन्यात नैरोबीहून कॅसेटी आणणाऱ्यानं एक बिनकव्हरची कॅसेट दिली. अवकाशातला पिक्चर म्हणाला. मला वाटलं बंदुका असतील, राक्षस असतील. काही नाही. एक बाई आहे, चाळिशीची, एकटीच एका यानातून लांब कुठंतरी निघालीय. दुसरं कुणी नाही, फक्त यानाचा आवाज. तोच तिला उठवतो, खायला घालतो, तिचं रक्त तपासतो. पहिल्या दहा मिनिटांतच त्याला कळतं की हिचं रक्त नासत चाललंय, हातात चाळीस दिवस आहेत. आपल्याला कळतं, तिला नाही. कारण रोज सकाळी ती विचारते, मी कशी आहे, आणि तो म्हणतो, छान आहेस.

तिला करमावं म्हणून तो रोज तिला तिच्या माहेरचं स्वप्न दाखवतो. जेवणाचं टेबल, भोवती सगळं घर. ताई, मी हा पिक्चर सात वेळा पाहिला. त्या टेबलावर रोज एक माणूस कमी होत जातो आणि दुसरं कुणी त्याबद्दल बोलत नाही. आधी मला वाटलं हा त्या आवाजाचा खेळ. पाचव्या खेपेला लक्षात आलं, तो तर माणसं परत आणून बसवायला धडपडतोय, तीच त्यांना उठवून लावतेय. तिला कुणी सांगितलेलं नाही, पण तिच्या अंगाला कळलंय. निरोप घ्यायचाय आणि जागेपणी घेता येत नाही, म्हणून ती झोपेत एकेकाला वाटेला लावते. शेवटी टेबलावर एक लहान मुलगी उरते. तिची लेक. तिला मात्र उठवत नाही. मला तरी त्या पिक्चरचा अर्थ असा लागला. तू शिकवणारी बाई, तुला आणखी काही दिसेल.

शेवटी ती आवाजाला धरते. तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? तो म्हणतो, तू आनंदात होतीस. ती म्हणते, ते दिवस माझे होते, मला लेकीशी बोलायचं होतं. मग ती निरोप पाठवायच्या यंत्रासमोर बसते, लेकीचं नाव घेते, आणि तेवढ्यात पिक्चर संपतो. बोलली का, किती बोलली, दाखवतच नाहीत.

पहिल्या खेळाला मी काय केलं असेल तुला कळलंच असेल. ती बरी झाली असं सांगितलं. आवाजानं औषध शोधलं, यान फिरलं, बाई घरी आली आणि तिनं शेंगदाण्याच्या कालवणाशी पोटभर उकडलेल्या केळ्यांचे मटोके खाल्ले. लोकांनी बाकं बडवली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी नालोंगो आली. कोळसा विकणारी, जुळ्यांची आई, पहिल्या बाकावर बसणारी. म्हणाली, "लुब्वामा, मी चार माणसं पुरलीत. मरणाऱ्याचा चेहरा मला कळतो. ती बाई मेली. तू आमच्याशी खोटं का बोललास?" मी म्हटलं, अगं, लोकांना तेच आवडतं. ती म्हणाली, लोकांना विचारलं होतंस का?

आणि गेली. एरवी ती भांडली की मी भांडतो. त्या दिवशी मी नुसती कॅसेट मागं फिरवत बसलो. संध्याकाळच्या खेळाला मी आयुष्यात पहिल्यांदा पिक्चर जसा होता तसा सांगितला. कुणी हसलं नाही, कुणी उठलंही नाही.

तुला हे सगळं का लिहितोय कुणास ठाऊक. तुला काय वाटतं, त्या आवाजाचं चुकलं का? विधींना येतेस हे बसवाल्याच्या हातानं कळव.

तुझा धाकटा,
लुब्वामा

 

कतवे
२ जुलै १९९९

पर्पेटुआताई,

तुझं पत्र परवा मिळालं. दोन दिवस शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. हॉल बंद आहे. दारावर 'घसा बसला' अशी पाटी लावलीय, ती खोटी आहे.

तू लिहिलंस की येणार नाहीस. ते एक वेळ मी समजून घेतलं असतं. पण पुढं लिहिलंस, "आईनं मरताना मला बोलावलं नाही. जिला तिनं बोलावलं नाही, तिनं तिच्या जागेवर कोणत्या तोंडानं बसायचं? तिनं मला माफ केलं नव्हतं, एवढंच त्यातून मला कळलं." आणि त्या पिक्चरबद्दल लिहिलंस की आवाजाचं चुकलं की नाही ते तुला माहीत नाही, पण तो निदान तिच्या उशाशी तरी होता, तू तेवढीही नव्हतीस.

ताई, आता जे लिहितो ते एका दमात लिहितो. थांबलो तर लिहिणार नाही.

नोव्हेंबरात आईला मोठ्या इस्पितळात ठेवलं होतं हे तुला माहीत आहे. डॉक्टर उत्तरेकडचे, त्यांना आपली भाषा येत नव्हती. आईला इंग्रजी येत नव्हतं. मध्ये मी. नर्स म्हणाली, बरं झालं बाई, तुमचा मुलगा तर याच कामाचा आहे. आई केवढी सुखावली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं सांगितलंही, माझा लुब्वामा अख्ख्या कतवेला पिक्चर समजावून सांगतो.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की पोटातली गाठ काळजापर्यंत गेलीय, कापून उपयोग नाही, दोन-तीन आठवडे. सांभाळून सांगा, पण सांगा. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, गाठ आहे, औषधानं विरघळेल म्हणतात. तोंडातून निघून गेलं गं. विचार केला, ठरवलं, असं काही नाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला जे ऐकायचंय ते देत देत दहा वर्षं गेलीत माझी. आई हसली. तिला हसताना बघून डॉक्टरांनी मला विचारलं, नीट सांगितलंत ना? मी हो म्हटलं.

एकदा तसं सांगितल्यावर रोज तसंच सांगावं लागलं. तुलाही मी तेव्हा चिठ्ठी धाडली, आई सुधारतेय, तू सातवीच्या परीक्षा सोडून येऊ नकोस, डिसेंबरच्या सुट्टीत ये. ती चिठ्ठी तू अजून ठेवली असशील. तुझं सगळंच ठेवलेलं असतं.

इथवर तू कदाचित मला माफ करशील. पुढं ऐक.

एका मंगळवारी सकाळी डॉक्टर खाटेशी आले तेव्हा आई स्वतःहून उठून बसली. डोक्याचं फडकं नीट केलं. मला म्हणाली, "त्यांना विचार, माझ्या लेकीला बोलावून घेऊ का? मला तिच्याशी बोलायचंय."

मी विचारलं. हे मात्र मी जसंच्या तसं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "आजच बोलवा. वेळ अजिबात घालवू नका."

आणि मी आईला सांगितलं, डॉक्टर म्हणतात घाई कसली, सुट्टीत येईलच की ती.

आईनं डोक्याचं फडकं सोडून उशाशी ठेवलं. मग म्हणाली, "बरं. त्यांना जास्त कळतं." आणि आडवी झाली.

का केलं असं, हे मी आठ महिने स्वतःला विचारतोय. मला वाटलं, तू परीक्षा सोडून धावत आलीस की आईला कळेल आपण मरतोय. मग ती माझ्याकडे बघेल आणि तिला हेही कळेल की मी इतके दिवस काय करत होतो. मी तिला वाचवत होतो असं मी मनाला सांगितलं. खरं तर मी माझं खोटं वाचवत होतो. भ्यालो होतो, ताई. दुसरं काही नाही.

तुझ्या नावानं अंगणात कुणी कुजबुजलं की पर्पेटुआ मातीला तेवढी आली, तेव्हा मी तिथंच उभा होतो. मी ऐकलं आणि आत निघून गेलो. तुला उशीर झाला असं सगळे धरून चालले. तूही धरून चाललीस. तुला उशीर झालाच नव्हता. तुला कुणी बोलावलंच नव्हतं, आणि ते आईमुळं नाही, माझ्यामुळं.

त्या मंगळवारनंतर आई नऊ दिवस होती. शेवटचे चार बोलणं नव्हतं. पण पाच होते. म्बराराहून यायला एक दिवस लागतो.

पिक्चरमधला तो आवाज यंत्राचा होता, तो जे सांगत होता ते त्याला कुणीतरी शिकवलेलं होतं. मला असं करायला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याच्याबद्दल तुला विचारलं, कारण माझ्याबद्दल विचारायची हिंमत नव्हती. नालोंगोनं मला धरलं तेव्हा मला तिचा राग आला नाही, मला आईची खाट दिसली.

आता काय करायचं ते मी ठरवलंय. सतरा तारखेला तू ये किंवा नको येऊस, विधी सुरू व्हायच्या आधी सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर उभा राहून मी हे सांगणार आहे. बुलासियोकाकांना काल सांगून आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आधी तिला लिही, दुसऱ्याच्या तोंडून तिला कळता कामा नये. म्हणून हे पत्र. तू माझ्याशी पुन्हा बोलू नकोस, चालेल. माझ्या हातचं पाणी घेऊ नकोस, तेही चालेल. पण माझ्यामुळं आईच्या जागेवर बसायचं सोडू नकोस. ती जागा तिनं तुला नाकारली नव्हती.

त्या मंगळवारी डॉक्टर गेल्यावर दुपारी आईनं मला जवळ बोलावलं. सुट्टीत का होईना, पण आत्ताच कळवून ठेव म्हणाली, आणि तुझ्यासाठी निरोप दिला. मी मान हलवली आणि कळवला नाही, कारण तो वाचून तू त्याच दिवशी निघाली असतीस. तो निरोप आज देतो. यात माझा एकही शब्द नाही, एकही गाळलेला नाही. आई म्हणाली:

"पर्पेटुआला सांग, ये. एकटी येऊ नको म्हणावं, नवऱ्याला घेऊन ये. तो दारात आला की मीच त्याला जेवायला बस म्हणणार आहे, रीत राहू दे बाजूला. माझा तिच्यावर काही राग नाही."

हा निरोप नोव्हेंबरात पोचवायचा होता. तो आज पोचवणारा,

लुब्वामा