घड्याळ चार दिवस चालवण्याची युक्ती

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देतो तेवढाच वाकून). तुझी पाठ, तुझी साखर आणि डॉक्टरशी चाललेलं तुझं भांडण, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे. मी ठीक आहे. म्हणजे सकाळी ठीक असते, दुपारनंतर विचारू नकोस.

पत्राला निमित्त तुझा मुलगा. त्यानं आपल्या दोघींना ही स्मार्टवॉच म्हणतात ती घड्याळं आणून दिली, तेव्हा तुझे कान नुकतेच कामातून गेले होते. फोनवर मी इकडून ओरडायचे, तू तिकडून भलतंच उत्तर द्यायचीस, आणि माझ्या पोटाच्या तक्रारी तुला सोडून अख्ख्या जिन्याला कळायच्या. (जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दुनियेची बोलणी जोडून दिली आणि सख्ख्या बहिणीची लाइन काही लागेना. हसावं की रडावं!) घड्याळानं ती अडचण मिटवली. मी काचेवर बोट दाबलं की तुझ्या मनगटावर थरथर, तू दाबलंस की माझ्या. ऐकण्याची भानगडच नाही.

पहिल्यांदा तुझी थरथर आली तेव्हा मी भाजी निवडत होते. खरं सांगते, मला आपलं जुनं घरच आठवलं. बाबांची रात्रपाळी, दिवसभर ओढलेला पडदा आणि घरात बोलायला सक्त मनाई. आपण दोघी त्या लांब बाकावर चिकटून बसायचो आणि एकमेकींच्या मनगटावर बोटानं बोलायचो. एकदा दाबलं की हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे हसू नकोस. ते 'हसू नकोस' आलं की मला हसू आवरायचंच नाही. मग बाबा उठायचे आणि बोलणी खायचीस तू, कारण तू मोठी. (मी तोवर पुस्तकात डोकं घालून बसलेली. गुणी मुलगी!) आता इतक्या वर्षांनी भर दुपारी तीनदा थरथरलं आणि मी एकटीच इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. फार चांगले दिवस होते गं ते. तेव्हा कुणी तसं सांगितलं नाही, एवढंच.

तर मुद्दा असा, की दिवसभर आपल्या गप्पा चालायच्या आणि घड्याळ चहाच्या वेळेलाच मान टाकायचं. तुझंही तेच रडगाणं आहे असं भाचा म्हणत होता, म्हणून माझे उपाय सविस्तर लिहिते. आधी उजेड कमी केला, इतका की वेळ बघायला खिडकीत जावं लागतं. हात हलला की काच उजळते, ते बंद केलं (बोलताना माझा हात हलतो, आणि मी किती बोलते ते तुला माहीत आहे). काळजाचे ठोके मोजणं बंद. पडायचे तर पडतील, मोजून काय वाढणार आहेत? पावलं मोजणंही बंद, कारण तो आकडा बघून रोज माझा पाणउतारा व्हायचा. तरी समाधान होईना. मग एक दिवस 'बॅटरी बचत' नावाच्या भागात शिरले आणि दिसेल ते बटण बंद करत सुटले. आणि काय सांगू! घड्याळ चार दिवस चाललं. मी जिन्यात भेटेल त्याला मनगट दाखवलं.

आणि नेमकी तेव्हाच तू गप्प झालीस. आधी वाटलं, झोपली असेल. मग वाटलं, रुसली. शेवटचं बोलणं आठवलं, तर मी दोनदा दाबून तुला 'नाही' म्हटलं होतं. (कशाला ते देव जाणे. प्रश्न काय आहे हे आपल्याला कधीच कळत नाही, पण उत्तरं चोख देतो.) मीही हट्टाला पेटले. म्हटलं, आता तिनं आधी दाबावं, मगच मी. आठवडा तसाच गेला आणि मग मात्र माझा जीव टांगणीला लागला. शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, आई बरी आहे, पण धड जेवत नाही, सारखी मनगटाकडे बघत बसते.

माझ्या काळजात चर्र झालं. होते तशी घड्याळाच्या दुकानात गेले. दुरुस्तीवाल्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, मावशी, थरथर तर तुम्हीच बंद केलीय. मधल्या दिवसांतल्या थरथरी कुठे साठल्या असतील तर द्या म्हटलं, तर त्या साठत नाहीत म्हणे. गेल्या त्या गेल्या. मी तिथंच स्टुलावर बसून रडले. घड्याळ बिघडल्याचं दुःख समजून तो बिचारा मला वॉरंटी समजावत बसला. तिथूनच तुला दाबलं, घरी येऊन पुन्हा दाबलं. उत्तर नाही. आता तुझं घड्याळ संपलंय की तू खरंच रुसलीस ते कळेना, आणि आपल्या दोघींमधलं पोराला काय विचारायचं, म्हणून हे पत्र. रागावू नकोस गं. मी तुझ्याशी अबोला धरला नव्हता. म्हणजे धरला होता, पण तू धरलास असं वाटलं म्हणून.

तुझीच,
धाकटी

ता.क. वर लिहिलेल्या उपायांपैकी एकही करू नकोस. घड्याळ दुपारी मरत असेल तर मरू दे.

आणखी एक ता.क. खरं तर लिहायचं होतं ते हे, की इकडे राहायलाच ये. मागची खोली रंगवून घेतली आहे आणि दोन्ही पलंग जोडून टाकले आहेत. भाच्याशी मी बोलते. तो रागावणार नाही, आणि रागावला तरी तुला कुठे ऐकू येणार आहे?

शेवटचं. 'नाही' म्हणायचं असेल तर ते पत्रानंच कळव, म्हणजे पोस्टमन येईपर्यंतचे दिवस तरी मला आशेवर काढता येतील. 'हो' असेल तर कळवत बसू नकोस, सरळ गाडीत बस.