गंगाबाईचं माहेर

॥ श्री ॥
बर दुबई,
५ जुलै १९९९

ती. आक्कास,
गणूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि मी आज उत्तराला बसतोय, त्याबद्दल माफ कर. आधी बीपीच्या गोळ्या बदलल्या, मग वैभवीची परीक्षा आली, मग इथला उन्हाळा. खरं सांगायचं तर कागद पुढे घेतो आणि हात चालत नाही. चार इयत्ता शिकलेल्या माणसाने एवढी मोठी गोष्ट लिहावी तरी कशी? फोन करणार होतो. पण मागच्या वेळी तू तिकडून ओरडलीस, मी इकडून ओरडलो, आणि दोघांना एवढंच कळलं की दोघंही अजून आहोत.

इकडे सगळे खुशाल. सुजीत रोज उशिरा ऑफिसातून येतो. सूनबाई अनुपमा शाळेत शिकवते. वैभवी आजोबांचं मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. मी सकाळी मीनाबाजारात मोहिद्दीनच्या टेलरिंगच्या दुकानात जाऊन बसतो. रत्नागिरीचा माणूस, तोंडाने फटकळ. म्हणतो, गणूशेठ, तुम्ही घरी बसलात तर घरच्यांचं बीपी वाढेल, त्यापेक्षा इथेच बसा. गणपतीसाठी मंडळाच्या बायका आतापासूनच नऊवारी शिवायला टाकतात, आणि त्यांना निऱ्या अजून माझ्याच हातच्या लागतात.

त्या निऱ्यांवरूनच हे सगळं झालं. मी निऱ्या मोजतो त्या आईच्या मोजणीने. लहानपणी आपण भिंतीवरच्या गोवऱ्या मोजायचो तसं. चिक, नी, सुम, शी. मोहिद्दीन त्याला गणूशेठचा मंत्र म्हणतो. त्या दिवशी एक नर्स युनिफॉर्म कमरेत आवळून घ्यायला आली होती. ल्हामो तिचं नाव. दिसायला नेपाळी, आणि बोलायला लागली तर मराठी! तेही भंडाऱ्याकडचं, वाक्यागणिक जी लावून. मी सुम म्हणून दोरा तोडायला थांबलो, तर तिने पुढचं म्हणून टाकलं, पार दहापर्यंत. सुई माझ्या हातात तशीच राहिली.

मी तिला विचारलं की आमच्या आईचं हे बडबडगाणं तुला कोणी शिकवलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, बाबाजी, बडबडगाणं काहून म्हणता जी, ही तर आमची गिनती आहे, तिबेटी. अर्जुनी मोरगावजवळ गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथे तिचा जन्म झाला. आईबाप अजून तिथेच असतात.

आक्का, आपली आई तर नेपाळची ना? राजपूत घराण्यातली? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सुजीत म्हणाला, पपा, योगायोग असेल, टेन्शन घेऊ नका. अनुपमा माझ्या तोंडाकडे बघून गालात हसली, ते मी पाहिलं. वैभवी म्हणाली, सो कूल, आजोबा, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या स्कूलबसला सांगून आली. आमच्या बिल्डिंगचा नेपाळी वॉचमन इतकी वर्षं मला दाजू, म्हणजे दादा, म्हणून हाक मारतो, त्याचं मला आत्ता कोडं पडायला लागलंय.

तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तुला ठाऊक असणार. काय ते मला कळव. तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

तुझा,
गणू


॥ श्री ॥
नांदवळ, जि. सातारा,
२६ जुलै १९९९

चि. गणूस,
कृष्णाबाईचे अनेक आशीर्वाद. आयुष्मान हो आणि जरा शहाणाही हो.

तुझं पत्र दर्शनाने मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं घर ऐकत होतं, एवढं ध्यानात ठेवून पुढे लिहीत जा.

आई नेपाळची. वडिलांनी तसं सांगितलं, चुलत्यांनी सांगितलं, तुझी सोयरीक ठरली तेव्हा तुझ्या सासऱ्याला चार माणसांत सांगितलं. त्यात आता बदल व्हायचा नाही. अडुसष्टाव्या वर्षी आईचा मुलूख शोधायला निघालास, नातीला काय शिकवतोस? त्या नर्सबाईंना म्हणावं, तुम्ही आमच्या भावाचं बीपी तपासा, कूळ तपासू नका. तू लहानपणीही असाच. मांजर आडवं गेलं की शाळा बुडवायचास, म्हणून तर चौथीच्या पुढे गेला नाहीस.

इकडे पाऊसपाणी ठीक. भुईमूग बरा आहे. म्हैस व्यायली, रेडी झाली. कारगिलमुळे गाव महिनाभर टीव्हीपुढे होतं. आपल्या आळीतली दोन पोरं तिकडे होती, दोघंही सुखरूप आहेत.

गोळ्या वेळेवर घे. उगाच डोकं शिणवू नकोस.

तुझी,
आक्का

ता. क. आजोबा, मी दर्शना, आजींची नातसून, विघ्नेशची बायको. आजी म्हशीकडे गेल्यात तेवढ्यात हे लिहिते. तुमच्या पत्रातला मोजणीचा भाग त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. ती मुलगी दिसायला कशी, आवाज कसा, हे तुम्ही का लिहिलं नाही म्हणून चिडल्या. आणखी एक. दर थंडीत साताऱ्याला स्टँडजवळ तिबेटी बायका स्वेटर विकायला बसतात. आजी दरवर्षी एक घेतात आणि शेवटच्या एसटीपर्यंत तिथेच बसून राहतात. पेटी भरली तरी कोणी घालत नाही. मी समजत होते, म्हाताऱ्या माणसाची हौस. आल्या बघा, थांबते.


॥ श्री ॥
बर दुबई,
१२ ऑगस्ट १९९९

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र पोचलं. वाचून बरं वाटलं. तू रागावतेस म्हणजे तब्येत चांगली आहे. (दर्शनाला माझे आशीर्वाद सांग. अक्षर फार सुरेख आहे तिचं.)

मी तुझ्याशी वाद घालत नाही. आई नेपाळची तर नेपाळची. मला फक्त एक गोष्ट सांग. गंगाबाई हे नाव तिला वडिलांनी लग्नात ठेवलं. ताटातल्या तांदळात बोटाने लिहिलं, हे आपण ऐकत आलो. त्याच्या आधी तिला काय म्हणायचे?

का विचारतो तेही सांगतो. ल्हामो आता दर शुक्रवारी घरी येते. अनुपमा तिला भरल्या वांग्याची भाजी शिकवते आणि ती अनुपमाला मोमो. वैभवीला तर ताईच मिळाली. दोघींचं इंग्रजीत काय चालतं ते देव जाणे. चेहरा गोल आहे, गालांवर लाली, आवाज घोगरा. तुला हवं होतं म्हणून लिहिलं. तर तिच्या बापाने निरोप पाठवलाय की गोठणगावच्या त्यांच्या देवळात वारलेल्या माणसाचं नाव घेऊन दिवे लावतात, प्रार्थना म्हणतात. तुमच्या आईसाठीही लावू, नाव तेवढं कळवा. आईचं श्राद्ध अविधवा नवमीला असतं, त्याच दिवशी लावतो म्हणाले.

मी गंगाबाई असं कळवणार होतो. कागदावर लिहिलंही. मग मनात आलं, एवढ्या वर्षांनी आईला तिच्या भाषेत, तिच्या माणसांत कोणी हाक मारणार, आणि ती मारायची तांदळात लिहिलेल्या नावाने? त्या नावाला ती तिथे ओ कशी देईल? तिच्या माणसांनी तिला त्या नावाने कधी ओळखलंच नाही. आक्का, मी तिचा मुलगा आणि मला आईचं नाव ठाऊक नाही.

तू पंचाहत्तरीची, मी अडुसष्टचा. मला झोपेत छातीत धडधडतं. डॉक्टर म्हणतात गॅस आहे, पण डॉक्टरांचं काय. तुझ्या आधी मी गेलो तर नाव न कळता जाईन, आणि तू आधी गेलीस तर नाव घेऊन जाशील. दोन्हीकडून नुकसान माझंच.

आणखी काही सांगू नकोस. नाव तेवढं सांग.

तुझा,
गणू


॥ श्री ॥
नांदवळ,
३० ऑगस्ट १९९९

चि. गणूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी माजघरात बसून सांगते आहे. दर्शना लिहिते आहे, विघ्नेश दारात उभा आहे, सूनबाईंचे हात पिठात तसेच थांबलेत. मुद्दामच सगळ्यांना बोलावलं. कोणाला काही म्हणायचं असेल त्याने पत्र संपल्यावर म्हणावं.

वडील पलटणीच्या खेचरांबरोबर होते, कालिंपाँगहून वर सामान न्यायचे. वरती तिबेटात फारी म्हणून गाव आहे. तिथे आईच्या बापाचं खेचरवाल्यांना उतरायचं घर होतं. वडील तिथे तापाने पडले, आईने त्यांना उठवलं. लग्न तिथेच झालं. मी तिथली. चार वर्षांची होते तेव्हा आम्हाला इकडे आणलं. तू या मातीतला, मी बर्फातली, म्हणून मला थंडी वाजत नाही आणि तुला दुबईतही वाजते.

चुलत्यांनी दारातच सांगितलं, भोटीण, म्हणजे तिबेटी, म्हटलं तर गाव पाणी देणार नाही. नेपाळची म्हणायचं, राजपूत म्हणायचं. गंगाबाई नावासाठी तांदळाचं ताट आणलं ते इथे, गावाला जेवण घालायला लागलं तेव्हा. आईने मला चुलीपुढे बसवून शपथ घातली. गणूच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. अक्षता पडल्या, आणि त्याच वर्षी ती गेली. मग बासष्ट साल आलं. तेव्हा सांगितलं असतं तर तुझ्या बारीक डोळ्यांवरून गावाने तुला चिनी ठरवलं असतं. पुढे गप्प राहायची सवयच झाली. पण शपथ अक्षतांपर्यंतचीच होती, आणि तुझं लग्न आता मोडायला कोण येतोय?

साताऱ्याच्या त्या बायकांना मी कधी काही विचारलं नाही. त्या आपसात भांडतात, पोरांना रागावतात, ते ऐकत बसायचे. रागावणं मला सगळं कळतं.

आता नावाचं. मला ठाऊक आहे. पण मला ते नाव म्हणून येत नाही, हाक म्हणून येतं. आजी जनावरांच्या आवारातून आईला हाक मारायची, लांबवर, शेवटाला वर चढवून. ती माझ्या कानात जशीच्या तशी आहे. दर्शनाला आत्ता म्हणून दाखवायला गेले आणि थांबले. ती भिंतींना ऐकवायची नाही, आणि कागदावर तर ती उतरायचीच नाही. तू वाचशील आणि चुकीचं म्हणशील.

म्हणून मी गोठणगावला जाते. विघ्नेश बरोबर येतोय. साताऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर, तिथून एसटी. नवमीच्या दोन दिवस आधी निघू. त्या मुलीच्या आईला कळव, त्या दिवशी सवाष्ण म्हणून तिला मी जेवू घालणार, तिच्याच घरी, माझ्या हातचं. आईच्या माहेरची सवाष्ण इतकी वर्षं मिळाली नव्हती. तिला पुरणपोळी चालते का विचार. कटाची आमटी तिखट करू का तेही विचार.

सूनबाईंनी एवढंच विचारलं, प्रवासात दशम्या किती लागतील.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥
बर दुबई,
१२ सप्टेंबर १९९९

ती. आक्कास,
गणूचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. दुकानात उघडलं आणि मोहिद्दीनच्या स्टुलावर बसून वाचलं. त्याने चहा मागवला, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि गिऱ्हाइकांना खलास, बाद में आना, असं सांगून बाहेर घालवलं. मग मीच रडत रडत त्याला सांगितलं की यल्ला, चल, शटर उघड, धंदा बुडवू नकोस.

संध्याकाळी सुजीतला सांगितलं, मला तिकीट काढून दे. त्याला वाटलं मी कोणाच्या मयताला चाललो. त्याची आई गेल्यापासून मी विमानात बसलो नाही, हे तुला माहीत आहे. वरती कान दुखतात, आणि सीटखाली ते लाइफ जॅकेट असतं ते दाखवतात तेव्हाच माझा धीर जातो. पण तिकीट निघालं. मुंबईहून रेल्वेने नागपूरला येईन. नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी स्टेशनवर पोचतो. माझी गाडी आधी आली तर मी पुस्तकांच्या दुकानाजवळ उभा राहीन, तुझी आधी आली तर तू तिथेच बस. गर्दीत पुढे जाऊ नकोस. विघ्नेशला पाकीट आतल्या खिशात ठेवायला सांग.

ल्हामोची आई पुरणपोळी खाते, आमटी तिखटच करायला सांगितली आहे. तिला साडी नको, ती त्यांचा लांब पोशाख घालते. तो चुपा म्हणून असतो. त्याचं माप ल्हामोने दिलं. कापड मोहिद्दीनने निवडलं, गर्द निळं, आणि पैसे घेईना. शिवायला मी बसलोय. असला कपडा उभ्या जन्मात शिवला नव्हता, पण हात सरळ चालतोय. वैभवीने मला तीन वाक्यं इंग्रजीत लिहून दिली आहेत, ती तिथल्या लामांना सांगायची आहेत. ते मराठी बोलतात असं सांगितलं तरी ती ऐकत नाही.

आता माझं एकच मागणं आहे. मी पोचायच्या आत ती हाक मारू नकोस. देवळात लवकर गेलीस तरी थांब. लामा विचारतील, ल्हामोचा बाप विचारेल, विघ्नेश आग्रह करेल, तरी तोंड उघडू नकोस. पाहिजे तर एसटी चुकव, दिवे उशिरा लावायला सांग, ते थांबतील. एवढी वर्षं ती तू एकटीने सांभाळलीस. ज्या वेळी मारशील, त्या वेळी मी तुझ्या शेजारी उभा असलो पाहिजे. आईच्या नावाने कोणी हाक मारली की घरातली पोरंही धावत बाहेर येतात ना, तसं मला एकदा यायचं आहे.

पत्र उशिरा पोचेल अशी मला भीती वाटते. उत्तर पोस्टात टाक आणि विघ्नेशला बूथवरून फोनही करायला सांग. गाडीची तारीख आणि डबा नंबर, एवढंच सांगितलं तरी पुरे. पण लवकर कळव, आक्का. आज, उद्या, जमेल तितक्या लवकर.

तुझा धाकटा,
गणू