बुधवारचं न्हाणं आणि अंडाकरी

अप्पा,

परवा गंगापूर रोडच्या एका पार्लरमध्ये खुर्चीत बसले होते. केस कापणाऱ्या मुलीने माझ्या डोक्यात बोटं घालून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, केस किती दिवसांनी धुता?" मी म्हटलं, "आठवड्यातून दोनदा. रविवारी आणि बुधवारी." ती खूश झाली. म्हणाली, "एकदम बरोबर. कुरळ्या केसांना दोनदा पुरे. रोज धुतले की कोरडे पडतात, तुटतात. डोक्यातलं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोहोचतच नाही ना." मग तिने पुढचं सगळं सांगायला घेतलं. कोरडे केस विंचरायचे नाहीत, गुंता खालून वर सोडवत जायचा, टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती टी-शर्टने टिपायचे. तिचं प्रत्येक वाक्य मी तिच्याआधी पुरं करत होते. शेवटी तिने कात्री थांबवली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोर्स केलाय का?" मी म्हटलं, नाही गं, माझे वडील मशीन दुरुस्त करायचे. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. घरी आल्यावर मात्र तुमच्याशी बोलावंसं वाटायला लागलं, कारण त्या बुधवाराबद्दल मी तुम्हाला कधीच काही सांगितलेलं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली.

आधी रविवारचं बोलते, ते सोपं आहे. आईचे केस सरळ, तेल लावून विंचरले की संपलं, त्यामुळे माझ्या डोक्याचं काय करायचं हे तिला कधी उमगलंच नाही. मी दुसरीत जाईपर्यंत तिने माझ्या केसांत तीन कंगवे मोडले. तिसरा मोडला त्या दिवशी तिने त्याचे दोन्ही तुकडे तुमच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवले आणि म्हणाली, "हे तुमच्या घराण्याचं आहे. तुम्हीच निस्तरा." तुम्हाला तेव्हा चांगलं चकचकीत टक्कल होतं. लग्नाच्या अल्बममध्ये तुमच्या डोक्यावर दाट कुरळे केस दिसायचे, पण कॉलनीतल्या निम्म्या बायकांची खात्री होती की तो फोटो दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तुम्ही कंगव्याचे तुकडे निरखून पाहिलेत, मग माझं डोकं पाहिलंत, तुमच्या छपाईच्या प्रेसमध्ये एखादं मशीन बंद पडल्यावर पाहत असाल तसं. आणि आईला म्हणालात, "पहिलं म्हणजे ओढायचं बंद कर. जाम झालेलं ओढून सुटत नाही."

तेव्हापासून रविवार सकाळ तुमची झाली. शनिवारी तुम्ही शिकेकाई, रिठे आणि उन्हात वाळवलेली संत्र्याची सालं भिजत घालायचात आणि पातेल्यावर झाकण ठेवून आईला बजावायचात की हे आमटीचं नाही. रविवारी मागच्या मोरीत मी पाटावर, तुम्ही उकिडवे, लुंगी गुडघ्यापर्यंत. कोमट तेल, मग शिकेकाई, मग तांब्यातांब्याने पाणी. केस ओले असतानाच बोटांनी गुंता सोडवायचा, आधी टोकं, मग मधला भाग, मग मुळं. ग्रीस लागून काळी पडलेली ती जाड बोटं एकदाही केस ओढायची नाहीत. पुसायला तुमचं जुनं बनियन. टॉवेल का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "टॉवेलला बारीक बारीक आकडे असतात. तुझ्या केसांना पण आकडे. दोन्ही एकमेकांत अडकतात." मग दुपारपर्यंत माझ्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून विचारायच्या, "काय हो, पोरीला न्हाऊ घालताय की इंजिन धुताय?" तुम्ही म्हणायचात, "काम तेच आहे वहिनी, फक्त हे रडतं."

आणि हे आठवड्यातून एकदाच. जास्त नाही म्हणजे नाही. त्यामागचं शास्त्र तुम्ही स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारून सांगायचात. तरुणपणी पाळीवरून आलात की शाईचा वास जावा म्हणून तुम्ही रोज कपड्याच्या साबणाने केस धुवायचात. "रोज धुतले. आणि हे बघ." समोर एवढा ढळढळीत पुरावा असल्यावर मी काय वाद घालणार? माझे केस त्या काळात खरोखर देखणे होते. शाळेतल्या बाई वर्गाबाहेर बोलावून दुसऱ्या बाईंना दाखवायच्या.

मी अकरावीला गेले आणि सगळं बिनसलं. कॉलेजात माझ्या बाकावरची मुलगी रोज केस धुऊन यायची, मोकळे सोडायची, आणि मान वळवली की सुगंध यायचा. एक दिवस तिने माझ्या वेणीचा वास घेतला आणि प्रेमाने म्हणाली, "तुझ्या केसांना चिंचेच्या सारासारखा वास येतो गं." प्रेमाने म्हणाली हे जास्त लागलं. त्याच दिवशी मी वाण्याकडून शाम्पूच्या दोन पुड्या आणल्या. बुधवारी प्रॅक्टिकल नसायचं, म्हणून मी दुपारी एक वाजताच घरी. आई शाळेतल्या नोकरीवरून साडेपाचला यायची. तुम्ही पहिल्या पाळीचे, सायकल बरोबर चारला फाटकात. म्हणजे माझ्याकडे तीन तास. त्यात दोन्ही पुड्या डोक्यात रिकाम्या करायच्या, फेस काढायचा, आणि मुख्य म्हणजे केस वाळवायचे. माझे केस एरवी वाळायला दुपार उलटायची. म्हणून मी टॉवेल घ्यायचे आणि पातेलं घासावं तसं डोकं घासायचे. मग बारीक दातांचा कंगवा घालून ओढायचे, टेबलफॅनसमोर बसायचे, पुन्हा ओढायचे. पावसाळ्यात काही केल्या वाळेनात तेव्हा एकदा टेबलावर केस पसरले, वर वर्तमानपत्र ठेवलं आणि इस्त्री फिरवली. पावणेचारला वरून तेल थापून वेणी. वास लपावा म्हणून देवापाशी तीन उदबत्त्या. आईला आनंद झाला, पोरगी देवभोळी निघाली. तुम्ही विचारलंत, "बुधवारी कुठल्या देवाचं असतं?" आई म्हणाली, "देवाला वार विचारू नये."

दिवाळीपर्यंत केस मूठमूठ जायला लागले. भांग रुंद झाला. वेणी अंगठ्याएवढी होती ती करंगळीएवढी झाली. ते पहिल्यांदा तुमच्याच लक्षात आलं, रविवारी मोरीत. तुम्ही हातातला पुंजका उजेडात धरून पाहिलात. दुसऱ्या दिवसापासून तुमचा तपास सुरू झाला. मी रोज सकाळी पांढऱ्या कागदावर वाकून केस झाडायचे आणि तुम्ही चष्मा लावून पडलेले केस मोजायचात. सोमवारी एकोणीस. मंगळवारी बावीस. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये, दुधाच्या टिकमार्कशेजारी. आई म्हणायची, "तुम्ही प्रेसमध्येच राहायला जा बाई." तीन आठवड्यांत तुम्हाला ते दिसलंच. दर गुरुवारी आकडा साठच्या वर. तुम्ही कॅलेंडरसमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "काहीतरी बुधवारी होतंय."

मी पाट्यावर चटणी वाटत होते. हात थांबला माझा. तुम्ही वळलात, आणि आईला विचारलंत, "बुधवारी आपण काय खातो?"

बुधवारी आपल्याकडे अंडाकरी असायची. तुमची आवडती. आठवड्यात तेवढ्या एका दिवशी तुम्ही आपणहून चौथी भाकरी मागायचात. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि निकाल दिलात, "उष्णता. बंद." आई चिडली. "अहो, अंड्याने केस गळतात हे कुणी ऐकलंय? उलट लोक डोक्याला लावतात अंडं!" तुम्ही म्हणालात, "लावणं वेगळं, खाणं वेगळं. करून बघायला काय जातं?" त्या बुधवारपासून आपल्याकडे दुधी व्हायला लागला. मी दुधी खात होते आणि दुपारी पुड्या फोडत होते. गुरुवारी आकडा एकसष्ट. तुम्ही म्हणालात, "अंगातून उष्णता जायला वेळ लागतो."

मग पिंपळगाव बसवंतचे ते तुमच्या खात्यातले काका आले, ज्यांच्या घरचा द्राक्षाचा बाग होता. त्यांनी चहा घेता घेता माझं डोकं पाहिलं, वेणीचं टोक बोटांत धरून फिरवलं आणि विचारलं, "छाटणी कवा केली?" तुम्ही म्हणालात, छाटणी नाही केली कधी. "मंग कसं चालंल? वेलाला बी लय वझं झालं का खालून वाळाया लागतो. एप्रिलात एक, ऑक्टोबरात एक, दोन छाटण्या पायजेच. काडी डोळा पाहून, म्हंजी कोंब फुटतो ती जागा पाहून तोडायची. यात काय नाय, समदं सारखंच हाय." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, ती मुलगी आहे." काका म्हणाले, "वहिनी, जीव दोघांना बी हाय." ऑक्टोबर उलटून गेला होता, पण तुम्हाला धीर नव्हता. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला जेल रोडच्या तुमच्या न्हाव्याकडे घेऊन गेलात. तुमच्या डोक्यावर वर्षानुवर्षं त्याला कानाच्या कडेनेच काय ते काम असायचं, त्यामुळे एवढे केस समोर पाहून त्याला चेव चढला. तुम्ही शेजारी उभे राहून "इथे, या डोळ्याच्या वर" असं सांगत होतात. मी घरी आले ती फुलकोबी होऊन. गॅदरिंगला आठ दिवस होते.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला बोलले. उंबऱ्यात उभी राहून, शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात. "सगळं तुमच्यामुळे! केस तुमचे, आणि आता टक्कलही तुमच्यासारखंच पडणार!" आईने "तोंड सांभाळ" म्हणून माझ्यावर हात उगारला. तुम्ही तिला अडवलंत. मग मला मोरीजवळच्या पायरीवर नेऊन बसवलंत, स्वतः खालच्या पायरीवर बसलात, आणि डोक्यावरून हात फिरवत, म्हणजे स्वतःच्या डोक्यावरून, म्हणालात, "मलाही तेच वाटतंय बाळा. गेले दोन महिने तेच वाटतंय. माझंच आलंय तुझ्याकडे. माझ्या हातात असतं तर नसतं दिलं. चुकलं माझं." अप्पा, तुम्ही कधी कुणाला "चुकलं माझं" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. साहेबालासुद्धा नाही, त्यापायी एक बढती गेली असं आई सांगायची. माझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात तेव्हा पुढच्या बुधवारच्या दोन पुड्या होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं की अप्पा, थांबा, दाखवते. मी रडले फक्त. तुम्हाला वाटलं टकलाच्या भीतीने रडते आहे, आणि तुम्ही मला गप्प करायला दुसऱ्याच दिवशी एका ओळखीच्या माणसाकडून पेठच्या रानातले ताजे रिठे मागवलेत.

पुढे मी पुण्याला शिकायला गेले. हॉस्टेलवर लपवायला कुणी नव्हतं, म्हणून घाई नव्हती. बुधवारी धुवायचे, रविवारी धुवायचे, सवयीने बोटांनीच गुंता सोडवायचे आणि केस खांद्यावर टाकून वाचत बसायचे. वर्षभरात वेणी पहिल्यासारखी झाली. सुट्टीत घरी आले तेव्हा तुम्ही दारातच माझं डोकं दोन्ही हातांत धरलंत आणि आतल्या खोलीकडे ओरडलात, "आली! छाटणी लागू पडली!" कॉलनीत तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. शेजारच्या काकूंच्या सुनेची वेणी तुमच्या सल्ल्याने ऑक्टोबरात कापली गेली. छाटणीला निम्मं श्रेय आणि निम्मं अंडाकरी सोडण्याला. आई म्हणाली, आता झालं ना पोरीचं बरं, आता करते बुधवारी. तुम्ही नाही म्हणालात. "कशाला उगाच? चांगलं चाललंय तर हात लावू नये." बाकीच्यांसाठी ती करायची, तुमच्या ताटात मात्र दुधी. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या बुधवारीसुद्धा दुधीच होता. तेव्हा मी घरीच होते, माझ्या ताटात दोन अंडी होती, आणि तुम्ही रश्श्याच्या वासाने एकदा डोळे मिटून श्वास घेतलात आणि मला म्हणालात, "तू खा गं. तुझे केस आता धरलेत."

मी खाल्ली, अप्पा.

पार्लरमधून आल्यापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. आठवड्यातून दोनदा चालतं, ती मुलगी म्हणाली. म्हणजे बुधवारी धुण्याने माझं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते चारच्या आत वाळवण्याने. तो टॉवेल, तो बारीक कंगवा, ती इस्त्री, सगळं तुमच्यापासून लपवायला. मी नुसतं सांगितलं असतं की मला बुधवारीही न्हायचंय, तर तुम्ही रागावला असता, टिचकी मारून टक्कल दाखवलं असतं, आणि आठवडाभराने पाळीवरून येऊन, शर्टाच्या बाह्या सरसावून, तो शाम्पू किती पाण्यात मिसळायचा याचा प्रयोग करत बसला असता. रात्री अंडाकरीबरोबर चौथी भाकरी खाल्ली असती.

आज बुधवार आहे. केस धुतलेत, खांद्यावर तुमच्या नव्हे, माझ्या मुलाच्या जुन्या बनियनचा तुकडा आहे आणि ओट्यावर अंडी उकडायला ठेवलीत. वाळवायची काही घाई नाही. घरात मला विचारणारं कुणी नाही. तरी सांगते, चार वाजायला आले आणि बाहेर कुणाची सायकल वाजली, की माझा हात अजून टॉवेलकडे जातो.