अखंड सेवेचा फ्लेक्स

रविवार, ८ मार्च
आजपासून रोज लिहायचं. धंद्याला पाच वर्षं झाली, आठवणी राहायला पाहिजेत. दिघीत 'गणराज नेट' म्हटलं की आता कोणी पत्ता विचारत नाही.

सकाळी फ्लेक्स लावला. दहा बाय आठ. वर 'अखंड सेवेची पाच वर्षे', मध्ये मी, हात जोडून. खाली गोल गोल चौकटीत समाधानी ग्राहकांचे बारा फोटो. महिला दिन आहे म्हणून त्यातले सात महिलांचे. फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवरून घेतले. विचारत बसलो असतो तर सरप्राइज राहिलं नसतं.

धम्मपाल, म्हणजे आपला टेक्निशियन, सुट्टी घेऊन परभणीला गेलाय. त्यामुळे शिडीवर मी स्वतः. एक बाजू घोसाळकरांच्या खिडकीच्या गजाला, दुसरी तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आपल्या केबलच्या पोलला. बायंडिंग वायरचे चार वेढे, पकडीने करकचून. मालक कामाला लाजत नाही हे लोकांनी बघितलं.

बायको, वर्षाली, म्हणाली, फोटोत पोट दिसतंय. घरच्यांना कौतुक नसतंच.

सोमवार, ९ मार्च
दुपारी वारं सुटलं आणि तिसऱ्या गल्लीपासून पुढं नेट बंद. सव्वाशे घरं. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, माझ्याकडे चालू आहे. हे खरंच आहे. ऑफिस पहिल्या गल्लीत.

कारण सापडलं. कोपऱ्यावर गटाराचं खोदकाम, तिथं जेसीबी. त्यानेच फायबर तोडली. ग्राहकांच्या ग्रुपवर तसं टाकलं आणि जेसीबीवाल्याला जाऊन झापलं. तो म्हणाला, साहेब, मशीन परवापासून बंद पडलंय, मी पार्टची वाट बघत बसलोय. लोक किती सहज खोटं बोलतात.

संध्याकाळी नेट आपोआप आलं. ग्रुपवर लिहिलं, 'आमच्या टीमच्या अथक प्रयत्नांनी सेवा पूर्ववत.' टीम म्हणजे मी. मी तेव्हा झोपलो होतो, पण काळजीतच.

मंगळवार, १० मार्च
दुपारी परत गेलं. सेहेचाळीस मिस्ड कॉल.

संकल्प: प्रत्येक फोन उचलायचा. माणसाने तोंड लपवू नये. सहा उचलले. सहाव्याने माझ्या शिक्षणाची चौकशी केली. थोडा वेळ फोन फ्लाइट मोडवर. बॅटरीलाही विश्रांती हवी.

चालू केल्या केल्या प्राजक्ताचा फोन. तिसऱ्या गल्लीत तळमजल्याला राहते, उदगीरकडची. नवरा प्रीतम चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत होता. डिसेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपलं, तेव्हापासून घरी बसून आहे. आता तिला घरून करायचं काम मिळायची वेळ आलीय. शुक्रवारी अकराला ऑनलाइन इंटरव्ह्यू, शेवटचा राउंड. त्यांच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. तिने सरळ विचारलं, दादा, नेट राहील का, नसेल तर मी भोसरीला बहिणीकडे जाते.

मी म्हणालो, कुठंही जायचं नाही. माझा शब्द आहे.

ती म्हणाली, मग मला टेन्शन नाही. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. फ्लेक्सवर तिचाही फोटो आहे, दुसऱ्या ओळीत.

बुधवार, ११ मार्च
गोजाआत्याने अडवलं. ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चुलत बहीण, दिवसभर गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर. म्हणाली, गन्या, तुजा फोटू लागल्यापास्नं माजी शिरेल बंद हाय. वारं आलं की फोटू हालतो, फोटू हालला की शिरेल जाती.

एकदम डोक्यात प्रकाश पडला. नजर लागलीय. पाच वर्षांची प्रगती लोकांना बघवत नाही. लगेच लिंबू-मिरची आणली आणि फ्लेक्सच्या त्याच वायरला बांधली. आत्याने कपाळावर हात मारून घेतला. श्रद्धाळू बाई.

धम्मपाल आला. म्हणाला, भाऊ, आधी पोल बघू. मी म्हणालो, पोल मी स्वतः बघितलाय, रविवारी तासभर वरच होतो. मग त्याने मशीन मागितलं. फॉल्ट किती मीटरवर आहे ते सांगणारं आपलं मशीन कपाटात असतं. खंडेनवमीला पकड, शिडी आणि मशीन यांची पूजा मीच केली होती, मनापासून. हळदकुंकू थेट फायबर घालायच्या भोकात गेलंय. धम्मपालने भोकात टॉर्च मारला आणि नुसतं 'भाऊ' म्हणाला.

मशीन आकडा दाखवत नाही. धम्मपाल म्हणाला, अजिंक्यकडून एक दिवस मागू. अजिंक्य म्हणजे आळंदी रोडचा आपला स्पर्धक. मी म्हणालो, मरेन पण त्याच्या दारात जाणार नाही. हा स्वाभिमान आहे, यात लाजण्यासारखं काही नाही.

गुरुवार, १२ मार्च
झाडाचं पान हलत नाही आणि नेट दिवसभर चालू! लिंबाने काम केलं. ग्रुपवर 'बिघाड कायमचा दूर' असं टाकलं. चार अंगठे आले. त्यातला एक वर्षालीचा.

प्राजक्ताचा मेसेज, उद्याचं नक्की ना दादा? मी पाठवलं, शंभर टक्के.

वर्षाली म्हणाली, अहो, तिला आपल्या ऑफिसातच बसवा ना तासभर, इथं नेट जातच नाही. मी म्हणालो, मग माझ्या शब्दाला किंमत काय राहिली? ती कुकर लावायला गेली.

शुक्रवार, १३ मार्च, सकाळी १०.४०
नेट चालू. स्वतः पोलखाली उभा आहे. याला म्हणतात सेवा. वारं सुटलंय, पण लिंबू आहे.

शुक्रवार, दुपारी १.३०
लिहायला नको वाटतंय. पण लिहितो.

अकराच्या सुमाराला वाऱ्याने फ्लेक्सची बाजू ढिली पडली. माझं तोंड दुमडून आत जायला लागलं, नुसते जोडलेले हात दिसत होते. रस्त्यावरून लोक जात होते. शिडी टेकवली, चढलो, पकडीने वायरचे अजून दोन वेढे आवळले. तोंड सरळ झालं. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं.

अकरा सहाला नेट गेलं. या वेळी आलंच नाही.

दोन्हीचा काही संबंध नाही. वेळा नुसत्या नोंद म्हणून लिहिल्या.

शुक्रवार, संध्याकाळ
प्रीतम ऑफिसात येऊन गेला. मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधत होतो. काही शोधत नव्हतो. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं. दारातूनच म्हणाला, इंटरव्ह्यू मधेच तुटला, दादा. कंपनीवाल्यांनी पाच मिनिटं थांबून पुढच्या माणसाला घेतलं. मग म्हणाला, ती भोसरीला निघाली होती, तुमच्या शब्दावर थांबली.

मागच्या गल्लीने घरी आलो. हेल्मेट काढलं नाही, दूध घेतानासुद्धा. दूधवाला म्हणाला, गणराजशेठ, नेट कधी येणार?

शनिवार, १४ मार्च
धम्मपाल मला न विचारता अजिंक्यकडे गेला आणि मशीन घेऊन आला. मी विचारलं, काय म्हणाला? धम्मपाल म्हणाला, काही नाही, चार्ज करून दिलं आणि दुसरी बॅटरीही दिली. अजिंक्य हसला असता तर त्याचा राग तरी आला असता.

मशीनने आकडा दाखवला, दोनशे अठरा मीटर. मी म्हणालो, गटार! बघ, मी सोमवारीच म्हणालो होतो. धम्मपाल म्हणाला, मोजू की.

टेप धरून निघालो. मी पुढं, तो मागं. गटार एकशे चाळीसलाच मागं पडलं. मी म्हणालो, टेप ताणला गेला असेल. दोनशे झाले. दोनशे दहा. गोजाआत्या ओट्यावरून उठून उभी राहिली. दोनशे अठराला मी थांबलो आणि वर बघितलं. वरून मी हात जोडून माझ्याकडेच बघत होतो.

धम्मपाल चढला. फायबर माझ्या वायरखाली चिरडली होती. सहा वेढे. त्याने एकेक सोडवला, खराब तुकडा कापला, जोड दिला. वरून विचारलं, हे कुणी बांधलं होतं भाऊ? त्याला माहीत होतं. मी लिंबाकडे बघत होतो.

नेट आलं. सव्वाशे घरं. ग्रुपवर लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' पाठवलं.

आता बरं वाटायला पाहिजे होतं. जेवण गेलं नाही. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

रविवार, १५ मार्च
पहाटे कोणी उठायच्या आत फ्लेक्स उतरवला. प्राजक्ताचा फोटो कात्रीने कापून घेतला आणि तो घेऊन तिच्याकडे गेलो. मनात भाषण तयार होतं. त्यात वारा होता, पोलचं वय होतं, फायबरची क्वालिटी होती.

दाराबाहेर अजिंक्यचा माणूस शिडीवर होता. प्रीतमने शिडी धरली होती. त्याने मला आत जायला वाट दिली.

प्राजक्ताने चहा ठेवला. का ठेवला कळत नाही. तिने कंपनीला मेल केला होता. उत्तर आलं की जागा भरली. मी फोटो पुढं केला. ती म्हणाली, हा कसा घेतलात, मला विचारलं नव्हतं. मी म्हणालो, सरप्राइज.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, प्रश्न अवघड होते का? ती म्हणाली, नाही, काम कस्टमर केअरचंच होतं. शेवटचा प्रश्न असा होता की ग्राहक चिडलाय आणि चूक आपली आहे, तर काय कराल? मी सांगायला सुरुवात केली आणि स्क्रीन थांबली.

मी विचारलं, काय सांगणार होतीस?

ती म्हणाली, आधी चूक कबूल करायची. कारणं नंतर, तीही विचारली तरच.

भाषण तसंच गिळलं. म्हणालो, वायर मीच आवळली, शुक्रवारी अकरा पाचला. ती म्हणाली, हो, आत्याने सांगितलं. चहा निवला होता. सगळा प्यायलो.

घरी येऊन ग्रुप उघडला. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी टाकलं, 'आठवडाभर नेट माझ्या फ्लेक्सच्या वायरमुळे जात होतं. ती मीच बांधली होती. प्राजक्तावहिनींची नोकरी माझ्यामुळे गेली. चूक माझी. गणराज.'

पाच वर्षांत एवढा खरा मेसेज पहिलाच. आता गल्ली हादरणार म्हणून फोन उलटा ठेवला. दहा मिनिटांनी सरळ केला. एकच उत्तर होतं, खालच्या खोलीतून आबांचा आवाज रेकॉर्ड केलेला: आरं गन्या, ते समद्यांना बुधवारीच ठावं व्हतं. तुला सांगायचं कुनी, येवढंच ठरत नव्हतं.