पहिल्या दाबाला पोकळ

मी, खाली सही करणारा, वय एकोणीस वर्षं पूर्ण, शिक्षण नववी अर्धी, धंदा लांब पल्ल्याच्या शर्यतीत गाडी चालवणं, आज पूर्ण शुद्धीत आहे. ताप नाही, नशा नाही, डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. म्हणजे लिहायची जबरदस्ती आहेच. चोवीस तासांच्या शर्यतीआधी आमच्या टीममध्ये प्रत्येक ड्रायव्हरला मृत्युपत्र लिहून द्यावंच लागतं. पण आत काय लिहायचं ते माझं मी ठरवलंय.

वकीलबाईंनी छापील नमुना दिलाय. त्यात तीन ओळी मोकळ्या आहेत. माझं तीन ओळींत मावत नाही, म्हणून मी टायरच्या यादीच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितोय. बोलायला मला जमत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. टीममध्ये मला मुक्याच म्हणतात. लिहायलाही फार जमतं असं नाही, पण कागद मध्येच हसत नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. गेल्या शर्यतीला फक्त नमुन्यावर सही केली होती, आत कोरं ठेवून. ते रद्द समजावं.

कलम एक. स्थावर मालमत्ता. वकीलबाई म्हणाल्या, स्थावर म्हणजे जे हलत नाही ते. तसलं माझ्याकडे काही नाही. माझं सगळं हलतं.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते सगळं आईला. आईने ते वापरावं, कपाटात माझी आठवण म्हणून ठेवू नये. आई माझी शर्यत बघायला एकदाच आली होती आणि पूर्ण वेळ ट्रॅककडे पाठ करून उभी होती. संपल्यावर म्हणाली, "आवाजावरून कळत होतं मला, तू कुठला ते." आई, तुला कळत होतं यावर माझा विश्वास आहे.

कलम तीन. सायकल आणि फोन धाकट्या बहिणीला. फोनचं कुलूप तिला आधीच माहीत आहे, चोर आहे ती. तिला पुढे गाडी चालवायची असेल तर चालवू द्यावी. फक्त तिची बडबड कोणी बंद करू नये. घरात एकजण गप्प होता तेवढं पुरे.

कलम चार. सगळ्या ट्रॉफ्या बाबांना. बाबा बेकरीच्या टेम्पोवर आहेत. कार्टिंगच्या, म्हणजे बुटक्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीच्या, ट्रॅकवरच्या कँटीनला ते पाव पोचवायचे. मी अकरा वर्षांचा असताना तिथल्या मालकाने, आम्ही त्यांना मामा म्हणतो, मला फुकटात आठ फेऱ्या मारू दिल्या. उतरलो तर मामा घड्याळ हातात घेऊन उभे.

"कोणी शिकवलं रे तुला?"

मी बाबांकडे बोट दाखवलं.

"मी नाही बुवा," बाबा म्हणाले, "मी पाव पोचवतो."

"मग पावातच काहीतरी असणार. आठही फेऱ्या एका वेळेच्या आहेत. आठही!"

तिथून सगळं सुरू झालं. पाच वर्षं कार्टिंग, मग छोट्या गाड्यांचा एक हंगाम. मी कधीच सगळ्यात वेगवान नव्हतो. पण पहिली फेरी आणि पन्नासावी फेरी, माझी वेळ तीच. लांब पल्ल्याला असाच माणूस लागतो. आमच्या टीमच्या साहेबांनी मला बघितलं आणि म्हणाले, "हा पोरगा नाही, घड्याळ आहे. बोलत पण नाही, आणखी काय पाहिजे?" सतराव्या वर्षी मी त्यांच्याकडे लागलो. घरी सगळे हसले, रडले. मी हेल्मेट घालून बसलो. हेल्मेट घातलं की तोंड कोणाला दिसत नाही, म्हणून मला हा धंदा आवडला. खरं कारण तेवढंच आहे.

कलम पाच. शाळेतल्या मराठीच्या गुरुजींना काही नाही. नववीत धडा मोठ्याने वाचताना माझा आवाज बंद पडला आणि ते म्हणाले, "बसा, आकाशवाणी केंद्र बंद झालं." सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही. गुरुजी, मी तुम्हाला माफ केलंय असं लिहिणार होतो. अजून झालेलं नाही.

कलम सहा. माझी सीट. ती माझ्या पाठीचा साचा घेऊन फोमची बनवलेली आहे, दुसऱ्या कोणाला बसणार नाही. ती फेकून द्यावी. कोणी आठवण म्हणून भिंतीला लावू नये, दिसायला फार वाईट दिसतं. दादाची अजून टायरच्या खोलीत उभी आहे. मी आत्ता तिच्यासमोरच बसलोय.

कलम सात. दादाबद्दल.

वकीलबाई, हे मालमत्तेत येतं की नाही मला माहीत नाही. पण माझ्याकडे असलेली सगळ्यात जड वस्तू हीच आहे, म्हणून इथे लिहितो.

दादा म्हणजे माझा जोडीदार. गाडी एकच, आम्ही दोघं आळीपाळीने चालवायचो. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. बसल्या बसल्या वीस मिनिटं कसं झोपायचं, पाणी कधी प्यायचं, हे त्यानेच शिकवलं. म्हणायचा, "मुक्या, आपली गाडी उसनी असते. दोन तास वापरायची आणि पुढच्याला जशी आहे तशी सांगून द्यायची."

सांगून द्यायची रीत अशी. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, थांबली की चालवणारा बाहेर येतो, पुढचा आत बसतो. बाहेर आलेल्याने आत वाकून त्याचे पट्टे आवळायचे, आणि तेवढ्यात पुढचा तीन प्रश्न विचारतो. चाकं? ब्रेक? अजून काही? जे असेल ते कानाशी ओरडून सांगायचं. एवढाच वेळ असतो.

दादाच्या शेवटच्या शर्यतीच्या आधीच्या शर्यतीत मी रेडिओवर सांगितलं होतं की उजवीकडून खडखड येतेय. गाडी आत घेतली, सगळे धावले, आणि निघाली काय, तर माझी पाण्याची बाटली सैल होती. महिनाभर मला बाटलीवाला म्हणत होते. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "घड्याळाने फक्त टिकटिक करायची, टोले द्यायचे नाहीत." मी ठरवलं, आता काही सांगायचं नाही.

आठ महिन्यांपूर्वीच्या त्या शर्यतीत, सकाळी, माझ्या शेवटच्या वीस फेऱ्या राहिल्या होत्या. लांब सरळ रस्त्यानंतरच्या वळणावर ब्रेक पहिल्या दाबाला पोकळ जायला लागला. दुसऱ्या दाबाला धरायचा. चाकाचं बेअरिंग झिजलं की असं होतं. चाक किंचित डुलतं, कडेच्या खडबडीत पट्टीवरून गेलं की ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात, आणि पहिला दाब ते परत जागेवर आणण्यातच जातो. पण मला त्याचं काही वाटलंच नाही. मी गाडी शिकलो ती बेकरीच्या आवारात, बाबांच्या टेम्पोवर, आणि त्या टेम्पोचा ब्रेक कायम दोनदा दाबायला लागायचा. माझा पाय आपोआप वळणाच्या आधी एकदा हलकं दाबून ठेवत होता. माझी वेळ अर्ध्या सेकंदानेही बदलली नाही. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना मला कळलं की आपला पाय असं करतोय. कळलं होतं. हे मी स्वच्छ लिहितोय.

आत आलो. दादा बसला. मी पट्टे आवळायला वाकलो.

"चाकं?"

"ठीक."

"ब्रेक?"

मला बाटली आठवली. सगळे आजूबाजूला उभे होते.

"ठीक," मी म्हणालो.

"अजून काही?"

मी मान हलवली. त्याने माझ्या हेल्मेटवर टपली मारली आणि गेला. पहिल्याच फेरीत, त्याच वळणावर, त्याने नेहमी जिथे दाबायचा तिथेच ब्रेक दाबला. एकदा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

चौकशीत त्याच्या त्या एका फेरीचा आलेख काढला आणि लिहिलं, चालकाने ब्रेक उशिरा लावला. माझ्या फेऱ्यांचा आलेख कोणी बघितला नाही, कारण माझ्या फेऱ्या एकसारख्या होत्या. तो अजून टीमच्या कॉम्प्युटरवर आहे. माझ्या शेवटच्या वीस फेऱ्या बघाव्यात. दर फेरीला त्या वळणाआधी एक छोटा दाब दिसेल, मग मोठा. तो छोटा दाब म्हणजे मी जे बोललो नाही ते.

मला चौकशीत विचारलं होतं, "गाडी देताना काही जाणवलं?" तिथेही मी ठीकच म्हणालो.

कलम आठ. साहेबांना काही नाही. माझ्या अंत्यसंस्काराला त्यांनी बोलू नये. दादाच्या वेळी ते म्हणाले होते, "मोठ्या माणसाची छोटी चूक." पानेकाका, म्हणजे आमचे मुख्य मेकॅनिक, त्या शर्यतीआधी बेअरिंग बदला म्हणाले होते. साहेब म्हणाले होते, "आणखी एक शर्यत निघेल." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पानेकाका नंतर गप्प बसले, त्यांची दोन पोरं शिकतायत. मी त्यांना दोष देत नाही. आमच्या टीममध्ये मुका मी एकटाच नाही.

कलम नऊ. हे आजचं आहे, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं.

आता माझ्याबरोबर एक नवीन मुलगी चालवते. पहिल्याच दिवशी गाडी दोनदा गरगरली म्हणून तिचं नाव भोवरी पडलं. एकवीस वर्षांची आहे, अखंड बोलते, माझ्या वाटचंही तीच बोलते. उद्या दुपारी चारला शर्यत सुरू होईल. पहिले दोन तास मी, मग भोवरी.

आज सरावात शेवटी मी होतो. माझ्यानंतर गाडीत कोणी बसलं नाही. उतरल्यावर भोवरीने विचारलं, "कसा काय ब्रेक, महाराज?"

"ठीक," मी म्हणालो.

मग इथे टायरच्या खोलीत येऊन बूट काढायला बसलो, आणि माझा पाय जमिनीवर हलकेच एकदा आपटला. मग जोरात. एकदा हलकं, एकदा जोरात. मी बघत बसलो. सरावात तो हेच करत होता आणि मला पत्ता नव्हता. गाडी नवीन आहे, पण पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग जुन्या सामानाच्या फळीवरचं, वापरलेलं आहे. मी आत्ता जाऊन फळी बघून आलो. एक जागा रिकामी आहे.

माझं काही होणार नाही. माझा पाय सांभाळून घेईल. म्हणूनच मला भीती वाटतेय. मी सहा वाजता आत येईन, धडधाकट, एकसारख्या वेळा घेऊन, आणि ती विचारेल, ब्रेक?

कलम दहा. म्हणून हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचं नाही. वकीलबाई, पाकिटात घालून तिजोरीत ठेवू नका. मेल्यावर वाचून उपयोग नाही, कारण मरणारा मी नाही. हे आज, सही झाल्या झाल्या, दोन्ही साक्षीदारांनी वाचावं आणि पानेकाकांकडे द्यावं. चाक उतरवून बघितल्याशिवाय आमची एकतीस नंबरची गाडी ट्रॅकवर जाऊ नये. असं मृत्युपत्र चालतं का, मला माहीत नाही.

कलम अकरा. वहिनींना, म्हणजे दादाच्या बायकोला, मी काही ठेवलेलं नाही. वहिनी अजून आमच्या टीममध्येच आहेत, पिटच्या भिंतीवर बसून फेऱ्यांची वेळ टिपतात, आधी दादाची टिपायच्या तशी. आठ महिने झाले, एकच वाक्य म्हणतात. "लग्नालासुद्धा दहा मिनिटं आधी आला होता तो. तो उशीर करायचाच नाही." सगळे मान हलवतात. मीपण हलवतो. त्यांना काही ठेवलं नाही याचं कारण, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. आणि मला साक्षीदार त्याच हव्या आहेत.

वहिनी, त्याने उशीर केला नव्हता.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो खरा आहे.

ठिकाण: टायरची खोली, पिटच्या मागे.
तारीख: शर्यतीच्या आदल्या दिवसाची. वेळ संध्याकाळी पावणेसहा.

सही: चालक, गाडी क्रमांक एकतीस.

साक्षीदार पहिला: टीमचा स्वयंपाकी. सही केली. वाचलं नाही. म्हणाला, "चष्मा चुलीपाशी राहिला, आणि तू एवढं लिहिलंयस तर चांगलंच असणार." मी त्याला वाच म्हणायला तोंड उघडलं, तोवर तो गेला.

साक्षीदार दुसरा:

ही जागा मोकळी आहे. का ते लिहून उठतो.

वहिनींनी सगळं वाचलं. उभ्यानेच. सातव्या कलमाशी खाली बसल्या, दादाच्या सीटला टेकून. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी त्यांच्यासमोर पेन धरून उभा होतो. किती वेळ ते माहीत नाही, त्यांनी फेऱ्या मोजायचं घड्याळ बंद केलं नव्हतं, गळ्यात टिकटिकत होतं.

मग म्हणाल्या, "तुझ्या पायाला माहीत होतं."

मी हो म्हणालो.

"मोठ्याने म्हण."

"हो."

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. पानं नीट एकावर एक लावली आणि माझ्या हातात परत दिली.

"वहिनी, सही," मी म्हणालो. "सहीशिवाय हे चालणार नाही."

"नाहीच चालू देणार. आठ महिन्यांपूर्वी मी एका माणसाच्या कागदांवर सह्या केल्यात, पुरे झाल्या. हे मी पानेकाकांना देणार नाही. तू कागद माझ्या हातात द्यायचास आणि परत गप्प बसायचंस, असं होणार नाही. चल. त्या पोरीसमोर, साहेबांसमोर, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. आवाज बंद पडला तर पडू दे. परत सुरू होईपर्यंत मी तिथेच उभी राहीन."

"ते हसतील."

"हसू देत. मी मोजते कोण कोण हसतंय ते."

त्या दारात उभ्या आहेत. पलीकडे एकतीस नंबरचं इंजिन सुरू झालंय. उद्याच्या आधी कोणीतरी गाडी दोन फेऱ्या फिरवून बघणार असेल. भोवरीचा आवाज येतोय, "माझं हेल्मेट कुठे आहे? मी बसते."

वहिनी पळत सुटल्यात. मीपण